मापापुरतं

मंदामावशीनं मला वाचवलं. कशातून ते पुढं सांगते, आधी मावशी. तिरोड्यात आमच्या खोलीला लागून तिचं शिवणाचं दुकान. गळ्यातली टेप ती लग्नातही काढत नाही. पंगतीत वाढणाऱ्या बाईकडं बघून ‘चौतीस, बाही नऊ’ असं पुटपुटते.

तिचा कायदा कडक. माप घेताना पडदा ओढलेला, दार उघडं. टेप लागेल, बोट नाही. ब्लाउजला लागत नाही ते विचारायचं नाही. एकदा एक बाई सुनेचं गाऱ्हाणं सांगत रडली. मावशीनं पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि विचारलं, "गळा गोल ठेवू का चौकोनी?"

मी साताऱ्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. नवऱ्याच्या कामापायी इकडं विदर्भात आले आणि छातीत धडधड सुरू झाली. कोपऱ्यावरच्या दुकानात एकटीनं जाववेना. गोंदियाला एका समुपदेशक सरांकडं जायला लागले. बरं वाटलं. मग सर स्वतःच्याच बायकोचं सांगू लागले. रोज मेसेज, की तुझ्याशिवाय मला कोण समजून घेतं? मी फुगले. एवढा शिकलेला माणूस माझ्यापाशी मन मोकळं करतो! पुढची भेट त्यांनी चोरखमाऱ्याच्या तलावावर ठरवली. त्यासाठीच मी ब्लाउज शिवायला नेला, आणि बोलता बोलता सगळं सांगून बसले. कोणाला सांगू नको म्हणालेत, हेसुद्धा.

मावशीची टेप हवेत थांबली.

"कायले सांगू नको?"

मी म्हटलं, लोक उलटंसुलटं बोलतील म्हणून.

"पोरी, मी तुझं माप घेऊन राहिली. उद्या माझंच माप तुले घ्यायला लावलं, तर ब्लाउज कोणाचा होईल? गिऱ्हाईक तू, तो नाही."

पण सर सुटले आणि धडधड परत आली तर, मी विचारलं.

"आली तर दुसरीकडे जाऊ. मी आहो ना संगं."

येणार नाही, एवढा मेसेज मी चारदा लिहून खोडला. पाचव्यांदा पाठवला. तू मला ओळखलंच नाहीस, असं उत्तर आलं. मी त्यांचा नंबर ब्लॉक केला.

आता सरकारी दवाखान्यातल्या मॅडमकडं जाते. त्या माझ्याबद्दलच बोलतात, वेळ संपली की बोलणं थांबवतात. सुरुवातीला कोरडं वाटलं. आता तिथं श्वास पुरतो. मावशी बाहेर बाकावर बसून नर्सच्या बाह्या मोजते.

परवा नीट पाहिलं, तर मावशीच्याच ब्लाउजला पाठीत चुण्या, एक खांदा उतरलेला. विचारलं.

"आपल्या पाठीचं माप आपल्याले घेता येत नाही वं. अंदाजानं शिवतो. घरात दुसरं आहे कोण?"

सध्या तिच्याकडं हूक-काज शिकते आहे. माझे काज अजून वाकडे येतात. पण एक दिवस पडदा ओढून, दार उघडं ठेवून मी तिच्या पाठीला टेप लावणार, आणि तिला मापाचा ब्लाउज शिवून देणार.