खिडकीजवळची हाज्जा

हजहून परतलेल्या नबवियाने उंबरठा ओलांडल्यावर मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्याचा कॅन खाली ठेवला, झग्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि विमानाचा बोर्डिंग पास काढून नवऱ्यापुढे धरला.

"वाचा."

शाफी मास्तरांनी चष्मा पुसला. दक्षिण इजिप्तमधल्या इस्नाच्या शाळेत ते एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. छापलेलं काहीही हातात आलं की ते डाव्या कोपऱ्यापासून सुरू करत.

"नबविया हसनैन. लक्सर ते जेद्दा. आसन चौदा ए."

"ए म्हणजे काय?"

"खिडकीजवळची जागा."

"मग जरा मोठ्यानं वाचा की. दार उघडंच आहे."

मास्तरांनी मोठ्याने वाचलं. समोरच्या घरात कांदा चिरण्याचा आवाज थांबला.

समोर तफीदा राहायची; हज करून आलेली, म्हणून हाज्जा तफीदा. हजहून आल्यावर घराची दर्शनी भिंत चुन्याने पांढरी करायची आणि तिच्यावर काबा, आपलं नाव आणि ज्यातून गेलो ते वाहन रंगवून घ्यायचं, ही तिथली रीत. गल्लीत दोन जहाजं होती, चार बसगाड्या होत्या, आणि विमान एकच होतं. ते तफीदाच्या भिंतीवर वीस वर्षं उडत होतं. आता हजच्या सरकारी सोडतीत नबवियाचं नाव निघालं होतं आणि गुरुवारी अय्याद रंगारी तिच्या भिंतीवर दुसरं विमान काढायला येणार होता.

"विमान?" तफीदा दुसऱ्याच दिवशी पिठाच्या गिरणीत म्हणाली. "आपण सगळ्यांनी तिला बसमध्ये चढताना पाहिलंय. चांगली हिरवी बस होती."

"ती विमानतळापर्यंतची बस होती गं!" नबविया ओरडली आणि तिने पास काढला.

मग पास रोज निघू लागला. गिरणीत निघाला, बाजारात निघाला, दवाखान्याच्या रांगेत निघाला. तिसऱ्या दिवशी त्याला तुपाचा डाग पडला, पाचव्या दिवशी कडेला दुमड आली. मास्तरांचा जीव कासावीस होऊ लागला. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या मुलाला ते रागवत नसत, पण त्यांना दोन दिवस जेवण जात नसे.

"याला प्लास्टिक चढवून आणतो," ते म्हणाले. "आयुष्यभर टिकेल."

नबवियाने पास दिला, पण हातात देताना तीनदा बजावलं.

बखीतचं झेरॉक्सचं दुकान चौकात होतं. कुवेतमध्ये दहा वर्षं नोकरी करून त्याने ते टाकलं होतं. त्याने पास प्लास्टिकच्या दोन पानांत ठेवला आणि यंत्राच्या तोंडात सरकवला. यंत्र गरम होतं. पलीकडून पास बाहेर आला तो गुळगुळीत, ताठ, चकचकीत आणि संपूर्ण काळा.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मास्तर," बखीत हळूच म्हणाला, "ही छपाई शाईची नसते. कागदाला ऊब लागली की अक्षर उठतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता सगळीच अक्षरं उठली."

"खरवडून काही वाचता येईल?"

"कोळसा खरवडून लाकूड मिळतं का, मास्तर?"

मास्तरांनी पास छातीशी धरला आणि घरी जाऊन आयुष्यात पहिल्यांदा बायकोशी खोटं बोलले. "बखीतचं यंत्र बिघडलंय. दोन दिवस लागतील."

ज्यांना सवय आहे त्यांचं खोटं एका वाक्यात भागतं. मास्तरांना सवय नव्हती. नबविया दुपारी बखीतकडे गेली. घाबरलेल्या बखीतने सांगितलं की पास रंगाऱ्याकडे गेलाय, नमुन्यासाठी. ती रंगाऱ्याकडे गेली. अय्याद प्रामाणिक माणूस; तो म्हणाला, "माझ्याकडे? मी तर कुणाच्या कागदाला हात लावत नाही." हे त्याने रस्त्यावर, भर दुपारी, मोठ्याने सांगितलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की पास कुठेच नाही.

"जिथं विमान गेलं तिथंच पास गेला," तफीदा जिन्यावरून म्हणाली. "अय्यादला सांगा, बस काढ. हिरवा रंग स्वस्त मिळतो."

नबवियाने त्या संध्याकाळी जेवण केलं नाही. "लोक काय म्हणतात याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मी तेवढं एकदाच आकाशात गेले होते हो. ते खरं होतं, एवढं भिंतीवर राहू दे."

मास्तर सकाळी उठून थेट लक्सरला विमान कंपनीच्या कचेरीत गेले. तिथला तरुण कारकून नम्र होता.

"दुसरी प्रत हवी होती," मास्तर म्हणाले.

"कशाची, काका?"

"बोर्डिंग पासची. बायकोच्या."

"त्या कधी उडणार आहेत?"

"उडून आल्या."

कारकुनाने मान तिरकी केली. "मग पास कशाला?"

"आठवण म्हणून."

"काका, आठवणीची दुसरी प्रत आम्ही देत नाही. बरं, नुसतं पत्र देतो. तिकिटाचा नंबर सांगा."

"तो पासवर होता."

"मग पास दाखवा."

मास्तरांनी काळा पास काउंटरवर ठेवला. कारकुनाने तो उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. "सुंदर प्लास्टिक चढवलंय," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

गुरुवार उजाडला. अय्यादने भिंतीला चुना दिला, रंगाचे डबे मांडले आणि कोळशाची कांडी कानावर ठेवून विचारलं, "विमान की बस? काय ते नक्की करा. चुना वाळला की रंग नीट धरत नाही."

अख्खी गल्ली चहाचे पेले घेऊन जमली होती. तफीदा आपल्या पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. "आधी पास बघू द्या," ती म्हणाली.

तेव्हा शाफी मास्तर पुढे झाले. त्यांचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, म्हणून लोक गप्प झाले. "पास होता. मी जाळला. म्हणजे मुद्दाम नाही. हा घ्या." आणि त्यांनी तो बायकोच्या हातात दिला.

नबवियाने त्या काळ्या चौकोनाकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागवायचे शब्द तिने गिळलेले सगळ्यांना दिसले.

"अय्याद," ती म्हणाली, "विमान काढ."

"हाज्जा, लोक काय..."

"लोकांना चहा दिलाय. तू काढ."

अय्यादचा हात सराईत होता. घडीभरात शेपूट झालं, पंख झाले, खिडक्यांची ओळ झाली. मग एका खिडकीतून त्याने हात बाहेर काढायला सुरुवात केली.

"हा कुणाचा हात?" नबवियाने विचारलं.

"तुमचाच. गल्लीला निरोप देताय."

"कुठून?"

"खिडकीतून. चौदा ए म्हणालात ना?"

"अरे, विमानाची खिडकी उघडत नाही!"

अय्याद दुखावला. "बावीस वर्षं विमानं काढतोय मी. सगळ्यांचे हात बाहेर आहेत. आजवर कुणी तक्रार केली नाही."

"आत बसलेलं माणूस तक्रार करील! ती काच असते, आत आणखी एक काच असते, आणि टाचणीएवढं एक भोक असतं, मी त्याला नाक लावून बसले होते. आणि विमान वर जाताना कान बंद होतात. शेजारची बाई कलमा म्हणत होती, मला नुसते तिचे ओठ दिसत होते."

"बरोबर आहे," गर्दीतून बखीत म्हणाला. "कुवेतला जाताना दर वेळी माझे कान बंद व्हायचे. आणि खिडकी उघडली तर माणूस हात नाही, सगळाच बाहेर जाईल."

"असं कसं?" अय्याद आता पेटला होता. "या समोरच्या हाज्जा तफीदांनी तर स्वतः उभं राहून काढून घेतलं माझ्याकडून! हात कोपरापर्यंत हवा म्हणाल्या. रुमालही हवा म्हणाल्या!"

गल्ली हळूहळू मागे वळली. तफीदाच्या भिंतीवर, वीस वर्षांच्या उन्हाने फिकट झालेल्या विमानातून, एक गुटगुटीत हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. हातात पिवळा रुमाल होता. तो वाऱ्यावर पुढच्या दिशेने फडफडत होता.

"आमचं विमान जुनं होतं," तफीदा म्हणाली. "तेव्हा उघडायच्या खिडक्या."

"आणि कान?" बखीतने विचारलं.

"कानाचं काय?"

गिरणीवाला पहिल्यांदा हसला. मग दवाखान्यातली नर्स हसली, आणि मग हसू आवरेना. कुणीतरी नबवियाला उचलून अय्यादच्या स्टुलावर उभं केलं. बायकांनी हाताने ठेका धरला, आनंदाचे चीत्कार निघाले. "चौदा ए! चौदा ए!" शाफी मास्तर भिंतीला टेकले आणि त्यांच्या पाठीला सगळा चुना लागला, तरी त्यांना कळलं नाही.

तफीदा मात्र खुर्चीतून उठली नव्हती. नबविया स्टुलावरून उतरली आणि रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेली.

"कशानं गेली होतीस गं?"

"जहाजानं," तफीदा म्हणाली. "सुएझहून. भावानं बसवून दिलं. तीन दिवस. वरच्या उघड्या डेकवर. मी एवढं ओकले, एवढं ओकले, की जेद्दा आलं तेव्हा दोघांनी धरून उतरवलं. परत आल्यावर समुद्राचं नाव काढवेना. अय्याद म्हणाला काय काढू, माझ्या तोंडून विमान निघून गेलं."

मग इकडेतिकडे बघून तिने गळ्यातली कापडी थैली उघडली. आत घडी घातलेलं जहाजाचं तिकीट होतं. पिवळं पडलेलं, पण अक्षर न् अक्षर जागेवर, आणि वर बंदराचा जांभळा शिक्का.

"वीस वर्षं कुणाला दाखवता आलं नाही," ती म्हणाली. "बघ. त्या वेळी तिकिटं नीट बनवायचे."

नबवियाने ते दोन्ही हातांत घेऊन सावकाश वाचलं. बाकीचेही वाकून वाचू लागले. तीन दिवस, उघड्या डेकवर, असं कुणीतरी मागच्याला सांगितलं, आणि मागच्याने आदराने मान हलवली.

"अय्याद," नबवियाने हाक मारली, "माझं झालं की रंग आवरू नकोस. हिच्या विमानाखाली जागा आहे. तिथं जहाज काढ."

तफीदाने डोळे पुसले आणि खुर्ची भिंतीसमोर फिरवून घेतली.

"आणि लाटा उंच काढ रे," ती म्हणाली. "मी उगाच ओकले असं कुणाला वाटायला नको."