यासीनभाईंची दुसरी कंपनी

माझ्या बायकोचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा शेजारच्या यासीनभाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "पोलादपुरात हाडांचे डॉक्टर किती?" मी म्हटलं, एकच. "मग दुखणारच," ते म्हणाले. "दुसरी कंपनी येऊ दे, मग बघ." आणि गुडघ्याचा निकाल लावून आत निघून गेले.

यासीनभाईंच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ हेच आहे. एसटी उशिरा येते, कारण एसटीला दुसरी कंपनी नाही. गावातल्या पोरांचं गणित कच्चं, कारण गणिताचा मास्तर एकच. आमच्या आळीतला न्हावी कानामागचे केस तसेच सोडतो, त्यालाही तेच कारण. एकदा पाऊस फार लांबला होता. यासीनभाईंनी सवयीने तोंड उघडलं, मग आभाळाकडे पाहिलं, "तौबा तौबा" म्हणून दोन्ही कानांना हात लावला आणि गप्प बसले. माझ्या माहितीत एवढी एकच जागा त्यांनी स्पर्धेतून वगळली आहे. बाकी कुणाची सुटका नाही.

हे खूळ त्यांनी बहरीनहून आणलं. आमच्या महाड-पोलादपूरकडची माणसं आखातातून अत्तरं आणतात, जाडजूड ब्लँकेटं आणतात, दुधाच्या पावडरीचे डबे आणतात. यासीनभाईंनी सिद्धांत आणला. निम्मं आयुष्य त्यांनी तिथे व्हॅन चालवली. काम काय, तर मोबाइलची रिचार्ज कार्डं दुकानादुकानांत पोचवायची. तिकडे गल्लीतल्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. त्या कोल्ड स्टोअरांच्या उंबऱ्यावर उभं राहून यासीनभाईंनी एका अख्ख्या देशाचा मोबाइलचा धंदा उगवताना पाहिला, आणि ते पाहिलेलं आता माझ्या कानात ओततात.

"मी गेलो तवा एकच कंपनी होती, मधू," अशी सुरुवात होते. मी पातेली मोजत असलो तरी होते. "काउंटरवरचा माणूस मान वर करायचा नाय. सलाम केला तरी नाय. गावाला फोन लावायचा तर बूथसमोर लाईन, उन्हात. कार्ड आत सरकवलं की समोर उरलेल्या पैशांचा आकडा दिसायचा. बोलता बोलता तो उतरत जायचा. माणूस बायकोशी बोलायचा आणि डोळे आकड्यावर." मग, "दुसरी कंपनी आली. त्या माणसाने मान वर केली. तिसरी आली तवा उठून उभा राहिला नि विचारतो, गहवा घेणार काय?"

गहवा म्हणजे तिकडची कॉफी. ती विचारली गेल्याचा आनंद यासीनभाईंच्या तोंडावर अजून आहे.

"पयल्या कंपनीला वाटलं, आपण बुडलो. बुडली काय? नाय. मार्केट वाढलं. ज्याच्याकडे फोन नव्हता त्याने घेतला, एक होता त्याने दोन घेतले. मुलूख एवढासा, सकाळी व्हॅन काढली तर दुपारच्या जेवणापर्यंत या टोकाहून त्या टोकाला. पण माणसांपेक्षा सिमं जास्त. वाटून घटत नाय मधू, वाढतं."

आता मी पोलादपूरच्या बाजारात भांडी विकणारा माणूस. बहरीनमध्ये कुणाकडे किती सिमं आहेत, याच्याशी माझं काय देणंघेणं? पण यासीनभाईंचा सिद्धांत नुसता ऐकून भागत नाही. तो ते आमच्यावर करून बघतात.

एकदा मुंबईहून मी, बायको आणि यासीनभाई एकाच गाडीने परतलो. वीर स्टेशनात उतरलो तर बाहेर रिक्षा ओळीने उभ्या. तिथे नंबर असतो. ज्याचा पहिला नंबर तो पहिला भरणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. यासीनभाई पहिली रिक्षा सोडून सरळ तिसऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "तू किती घेशील?"

"चाचा, नंबर हाय. पुढची गाडी जाणार."

"नंबर ठेव बाजूला. तुझा रेट सांग."

"रेट सगळ्यांचा सारखाच हाय, चाचा."

"म्हणजे तुम्ही सगळे मिळून एकच कंपनी," यासीनभाई म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली. त्यांनी पिशवी खाली ठेवली की मला धडकी भरते. पुढे बहरीनची पहिली कंपनी आली, बूथ आला, ऊन आलं. रिक्षावाले बिचारे सभ्य. त्यांनी मान डोलवत ऐकलं आणि मान डोलवतच बाकीची गिऱ्हाइकं भरून एकेक करून निघून गेले. यासीनभाई तिसऱ्या कंपनीपर्यंत पोचले तेव्हा स्टेशनासमोर आम्ही तिघं, सामान आणि एक कुत्रं उरलं होतं. माझी बायको गुडघा चोळत बॅगेवर बसली होती.

"बघितलास? प्रवाशाला पर्यायच नाय," यासीनभाई मला म्हणाले.

शेवटी विटांच्या रिकाम्या टेंपोतून आलो. बायको पुढे केबिनमध्ये, आम्ही दोघं मागे. ती घरी पोचल्यावर माझ्याशी बोलली नाही. यासीनभाईंशी बोलली, कारण त्यांच्याशी न बोलण्याची सोय नाही.

पण वीर स्टेशन परवडलं असं वाटायला लावणारा प्रकार त्यांनी पुढे केला. माझ्या दुकानासमोरचा गाळा बरेच दिवस रिकामा होता. महाडच्या एका भांडीवाल्याला यासीनभाईंनी स्वतः आणून तो गाळा दाखवला, मालकाशी बोलणं करून दिलं आणि मग माझ्याकडे येऊन पेढे द्यावेत तशा आवाजात सांगितलं, "मधू, तुझ्यासाठी दुसरी कंपनी आणली."

मी संतापलो. तोंडाला येईल ते बोललो. शेजारधर्म, तीस वर्षांचा घरोबा, सगळं काढलं. यासीनभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पयली कंपनी अशीच बोलते." दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर, माझाच चहा पीत समोरच्याची पाटी नीट लागली आहे का ते बघत बसले.

खरं सांगायचं तर लग्नसराईत आता उमरठच्या बाजूची माणसं महाडला न जाता पोलादपूरलाच उतरतात. दोन दुकानं म्हणजे घासाघीस करायला वाव. समोर तासभर घालवतात, मग माझ्याकडे येऊन परात घेतात. धंदा वाढला आहे. हे मी यासीनभाईंना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

एवढा बोलका माणूस. पण फोनवर त्यांना ऐकावं. त्यांची एकुलती एक मुलगी रुबिना लग्न होऊन बहरीनलाच गेली. म्हणजे तिचं बालपण इकडे गेलं तेव्हा बाप तिकडे, आणि बाप परत आला तर मुलगी तिकडे. दर शुक्रवारी नमाजनंतर तिचा फोन येतो. आमची दोन घरं एका भिंतीची, त्यामुळे मला पाठ आहे. "सलाम. बरी हायस? पोरं बरी? दामाद? मी बरा. ठेवतो." एका दमात, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न. फोन आता फुकट आहे, तास तास बोललं तरी कुणी विचारत नाही, पण यासीनभाई अजून बूथमध्ये उभे असल्यासारखे बोलतात.

रुबिनाची आई खैरूनभाबी होत्या तोवर हे खपून गेलं. बोलायचं काम त्यांचं. रुबिनाचा फोन आला की भाबी ओट्याला टेकून बसायच्या आणि यासीनभाई मागे येरझाऱ्या घालत ऐकायचे. बोलता बोलता भाबीच सांगायच्या, "अब्बा सलाम सांगतात गो." भाबी गेल्या आणि फोन यासीनभाईंच्या हातात आला. पहिल्या काही शुक्रवारी मी भिंतीशी थांबून ऐकलं. सलाम, बरी हायस, ठेवतो. मग घरात काहीच आवाज नसायचा.

मी एकदा विचारलंही. "आवाज तुटतो, मधू," ते म्हणाले. "एकाच कंपनीचा टॉवर, तोही डोंगराआड. असं तुटकं काय बोलणार? पोरीशी बरंच बोलायचं राहिलंय. दुसरी कंपनी आली की निवांत बोलीन."

हे मात्र मला पटलं. आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, हायवेपासून आत, खोलगट जागी. मालाच्या ऑर्डरचे आकडे तुटू नयेत म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढतो. पटलं म्हणूनच मी त्यांच्याबरोबर फिरलो, आणि पस्तावलो. महाड झालं, अलिबाग झालं, पनवेलला एका काचेच्या ऑफिसात दोनदा झालं. सगळीकडे मी कामाचं बोलायचं आणि यासीनभाईंनी समोरच्या साहेबाला बहरीन ऐकवायचं. एका साहेबाने मला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठल्या कंपनीकडून आलेत? मी म्हटलं, दुसऱ्या.

शेवटी एक कंपनी तयार झाली, पण टॉवरला जागा मिळेना, तेव्हा यासीनभाईंनी डोंगरावरचा स्वतःचा तुकडा दिला. त्यावर भाबींनी लावलेली काजूची झाडं होती. ती तोडायच्या दिवशी ते वर गेले नाहीत, मला पाठवलं.

ग्रामसभेत धोंडूकाका उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे, गावातले सगळ्यांत जुने शेतकरी. "हाय त्या टॉवरने माझा मोहोर गळतो. दुसरा कशाला?"

"काका, तुमचा नातू मुंबईला हाय ना? फोन करतो काय?" यासीनभाईंनी विचारलं.

"नाय करत. लागत नाय म्हणतो."

"मग येऊ दे दुसरी कंपनी. कळेल तरी, फोन लागत नाय की तो लावत नाय."

सभा हसली. धोंडूकाका हसले नाहीत. त्यांनी खाली बघतच हात वर केला. ठराव झाला.

मध्ये दोन पावसाळे गेले. आणि गेल्या शुक्रवारी टॉवर सुरू झाला. सकाळीच यासीनभाई माझ्या ओट्यावर हजर. "आज दुकान उघडू नको. दुपारी घरी ये."

"गिऱ्हाइकांनी काय करायचं?"

"समोरचा हाय ना," ते म्हणाले. मी दात खाल्ले आणि दुकान बंद ठेवलं.

दुपारी गेलो तर त्यांनी नवा सदरा घातला होता. दाढी नीट केलेली. घर झाडून घेतलेलं. मला खुर्ची देऊन त्यांनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. फोन वाजला. पडद्यावर रुबिना अशी स्वच्छ दिसत होती की तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा वाचता येत होतं.

"सलाम. बरी हायस? पोरं बरी? दामाद? टॉवर झाला. मी बरा. ठेवतो."

आणि ठेवला.

माझा संयम सुटला. "अहो, ठेवलात काय? मला उन्हापाण्यातून फिरवलंत. पनवेलला माझी चप्पल तुटली. जमीन दिलीत. आणि ठेवलात?"

यासीनभाई फोनकडे बघत होते. "आवाज साफ होता," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी नव्या सदऱ्याच्या बाहीने फोनची काच पुसली. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. हा माणूस प्रश्नाच्या उत्तरात बहरीन आणल्याशिवाय राहिलेला मी पाहिला नव्हता. मला एकदम त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी वाटली.

"मधू," ते म्हणाले, "तू तुझ्या पुण्याच्या पोरीशी काय बोलतोस रे? त्याच तुटक्या टॉवरवर, तरी भिंतीतून हसण्याचा आवाज येतो मला. तास तास काय बोलतोस?"

"काही नाही हो. काय जेवलीस, विचारतो."

"मग?"

"मग ती सांगते."

"आणि तू?"

"मी ऐकतो. मेसची भाजी कशी होती, कोण कुणाशी भांडलं. त्यात काही नसतं."

त्यांनी हे सगळं मनाशी नीट लावून घेतलं. एखादा पत्ता विचारून घ्यावा तसं पुन्हा एकदा विचारलं, "पयलं काय जेवलीस, तेच ना?" मी मान हलवली. "मी सुट्टीवर आलो की खैरून रुबिनाला पुढे ढकलायची," ते म्हणाले. "ती पडद्यामागे जायची. मी म्हणायचो, सुट्टी थोडी हाय, पुढच्या खेपेला बोलेल. मग कार्डावर बोलेल. मग रेट उतरला की बोलेल. रेट उतरला, मधू. मी काय बोलणार? मला तिचं कायच ठाऊक नाय."

मी उठायला लागलो. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"अब्बा?" रुबिना घाबरलेली होती. एका शुक्रवारी दोनदा फोन कधीच गेला नव्हता. "काय झालं?"

"काय नाय." यासीनभाईंनी घसा साफ केला. "काय जेवलीस गो आज?"

"अब्बा, तुमची तबियत बरी हाय ना? मधूकाका हायत काय तिथे? त्यांना द्या फोन."

"तबियतीला काय धाड भरलीय? तू जेवलीस काय, ते सांग."

पलीकडून आवाज बंद झाला. पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. यासीनभाईंनी घाईघाईने रेंजच्या दांड्या बघितल्या, मला दाखवल्या. सगळ्या भरलेल्या होत्या. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि आम्हा दोघांनाही कळलं की पोरगी रडते आहे.

यासीनभाईंनी फोन ठेवला नाही.