गंगाधररावांवर प्रथमोपचार

माझ्या पाळणाघरात कोणतंही संकट येवो, माझी तयारी पक्की होती. तेलीबांध्याला आमच्या घरी सहा पोरं दिवसभर असतात, आणि त्यांचे आईबाप तिकडे नव्या रायपुरात नोकरीला. काही झालं तर मलाच धावायचं आहे, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं. औषधांचा डबा उंच फळीवर, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर, आणि मी स्वतः प्रथमोपचाराचा वर्ग केलेली. एवढ्यावर थांबेन तर मी पद्मिनी कसली! पोरांनाही शिकवलं. कोणी पडलं आणि हाक मारूनही उठलं नाही, तर मला बोलवायचं; मी दिसले नाही, तर फोनवरून १०८ लावायचा आणि पत्ता सांगायचा. गादीवरच्या लोडाला आजारी पाडून तालीमसुद्धा झाली.

परवा दुपारी आतल्या खोलीतला कूलर बंद पडला. आमचे गंगाधरराव, रेल्वेतून निवृत्त, हॉलमध्येच सतरंजीवर आडवे झाले. तोंड उघडं, एक हात लांब फेकलेला. पोरं झोपलीत असं समजून मी कपडे काढायला गच्चीवर गेले.

पोरं झोपली नव्हती. पाच वर्षांच्या अनुश्रीनं दादाजींना हाका मारल्या. जन्मभर रुळांशेजारी झोपलेला माणूस तो, हाकेनं कशाला उठतो? तिनं माझा मोबाईल घेऊन पत्ता बरोब्बर सांगितला. श्रेयसनं दादाजींच्या डोक्यापासून हनुवटीपर्यंत तालमीसाठी दिलेली पट्टी गुंडाळली. कुठे लागलं ते कळेना, म्हणून सगळीकडे.

गच्चीवर मला सायरन ऐकू आला. कोणाच्या घरी काय झालं असेल, म्हणून जीव हळहळला. गाडी आमच्याच फाटकापाशी थांबली तेव्हा हातातले कपडे तसेच घेऊन मी जिना उतरले.

खाली दोन माणसं यांच्यावर वाकली होती. यांनी पट्टीतून एक डोळा उघडला.

"काहून? कोण गेलं?"

"लेटे रहिए, अंकल."

मी लाजेनं अर्धी होऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. हिरालाल नावाचा तो माणूस रागावला नाही. आलोच आहोत तर बीपी पाहू, म्हणाला. पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, आणि चेहरा गंभीर करून विचारलं, गोळी कोणती घेता? कसली गोळी? 'मले काय धाड भरली' म्हणत यांनी दोन वर्षं तपासणी टाळलेली. आजच डॉक्टर गाठा, असं त्यानं बजावलं.

मग मात्र माझी जीभ सुटली. लोणचं, तळण, रात्रीची जागरणं, सगळं मी पोरांसमोर बाहेर काढलं. माझं किती ऐकतात, ते हिरालाललाही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बीपीचा पट्टा माझ्याकडे वळवला.

"आंटी, अब आप बैठिए."

पोरं घरी गेल्यावर संध्याकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. कंपाउंडरनं विचारलं, आधी कोणाचं नाव लिहू?

"हिचं लिहा," गंगाधरराव ऐटीत म्हणाले. "हिचं माझ्याहून जास्त निघालं."