दारातला पाय

आतल्या खोलीची कडी खुट्कन वाजली आणि सीमाने चोरून तिकडे पाहिलं.

घरात रेंज फक्त स्वयंपाकघरात. तिथे पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून अमरावतीच्या प्राचार्यबाई तिची मुलाखत घेत होत्या. त्यांच्या संस्थेची नवी शाळा अकोल्यात निघणार होती, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. स्वराली झाल्यावर मूर्तिजापूरची नोकरी सुटली, त्यानंतर इंग्रजी शिकवायची ही पहिलीच संधी. बाईंनी सोपंच विचारलं होतं, "यशाची आशा आहे, हे इंग्रजीत किती तऱ्हांनी सांगाल?" पोळ्या लाटताना मोठमोठ्याने घोकलेलं सगळं सीमाच्या डोक्यातून उडालं होतं.

आतून सासूबाईंची, गोदाबाईंची कुजबुज आली, "जाय, तुई माय अडकली. सांग तिले."

"फायटिंग चान्स!" स्वराली धावत आली. "इन द रनिंग! फूट इन द डोअर!" आणि आईने दाखवलं होतं तसा तिने दारात पाय अडकवला.

बाई हसल्या. "याचा अर्थ काय गं?"

"दार पुरं उघडलं नाही, पन लागलंबी नाही!"

गोदाबाईंना राहवेना. पाहुण्यांपुढे लेकीची आई बसते तशा त्या पदर सावरून मोबाइलसमोर बसल्या. "समदं सुनेनंच शिकवलं जी. लय गुनाची हाय. पसंत हाय ना?"

"आजी, मला सीमाताईंशी बोलू द्या."

"बोला ना! आमी कुठं अडवून राहिलो? थे लाजते जराशी."

सीमा घाईने मोबाइल घ्यायला गेली. डबा कलंडला, मोबाइल पोह्यांत गडप झाला. झटकून वर काढला तेव्हा बाई बोलतच होत्या, "...पहिलीत तुमच्या मुलीची जागा नक्की ठेवते."

"आणि मॅडम, माझं?"

"कळवू."

पडदा काळा झाला. गोदाबाईंनी साखरेची चिमूट सीमाच्या तोंडात घातली. "झालं ना? मी पोरीले धाडलं म्हनून!" त्यांचा चेहरा इतका फुलला होता की सीमाच्या ओठांवर आलेलं सगळं साखरेबरोबर आत गेलं. एवढंसं पोर सांगून गेलं. मग आपल्यालाच का आठवू नये?

ती खाली बसून पोहे गोळा करू लागली. स्वरालीचा पाय अजून दारातच होता.

"आई, माही शाळा तं पक्की. मंग आता तुयावालं याच्यातलं कोनतं व, फायटिंग चान्स का फूट इन द डोअर?"