टाकीतला सुईकिडा

"मॅडम, तुम्ही स्वतः जे पाणी पिता, ते कधी मायक्रोस्कोपखाली बघितलंय का?"

हा प्रश्न भिंगरीच्या डोक्यातला नव्हता. विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात शाळेतल्या मुलांसाठी शनिवारचे वर्ग सुरू झाले होते आणि मैत्रिणींनी पैज लावली होती, की सगळ्यांसमोर हे विचारून दाखव. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा शेजारणीच्या कानात "हजर" म्हणायची. यंदा भाषणाच्या स्पर्धेत तिला एक लहानसा कप मिळाला, कंठ फुटला, आणि तो पुन्हा बंद करायचा कसा हे घरात कोणालाच कळेना.

वर्गात खसखस पिकली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावरची पांढरी बट कानामागे सारली.

"नाही बघितलं. प्रश्न चांगला आहे. तूच बघून सांग."

दुसरी कोणी असती तर तिथेच गळपटली असती. भिंगरी ताठ मानेने उठली. आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. शनिवारी तीन तास असायचे: आधी मायक्रोस्कोप कसा वापरायचा, मग पेशी, मग पर्यावरण. पहिला तास भिंगरीने मैत्रिणींबरोबर कँटीनमध्ये काढला होता.

"भिंगातून बघायला काय शिकायचं? एक डोळा मिटायचा, दुसरा उघडायचा. दाराच्या फटीतून लहान पोरंही तेच करतात," असं तिचं मत होतं.

मॅडम शेजारच्या खोलीत दुसऱ्या तुकडीच्या तासाला गेल्या. कोपऱ्यात एक जुना, रंग उडालेला मायक्रोस्कोप होता. भिंगरीने विभागाच्या फिल्टरमधलं पाणी काचेवर टाकलं, डोळा लावला आणि गप्प झाली. तिचं गप्प होणं बघून मैत्रिणीच घाबरल्या.

"काय दिसतंय गं?" मैत्रिणींमधल्या चष्मिसने विचारलं.

"प्राणी."

काळा, सरळ, सुईसारखा. शेपूट कडेच्या अंधारात आणि टोक बरोबर मधोमध रोखलेलं.

चष्मिसने चष्मा वर सारून बघितलं. "हलत नाहीये पण."

"शिकारी प्राणी हलत नसतात. दबा धरून बसतात."

नावही लगेच ठरलं. सुईकिडा. फिल्टरवर चिठ्ठी लागली, 'पिऊ नये'. मग कँटीनच्या चहाचा थेंब झाला. त्यातही सुईकिडा. भिंगरी कँटीनमध्ये सांगायला धावली.

"उकळून मरत नाही?" कँटीनवाल्या काकांनी विचारलं.

"नाही ना. म्हणून तर काळजी."

काकांनी हातातला अर्धा कप बेसिनमध्ये ओतला आणि गॅस बंद केला. शेवटी परत येऊन भिंगरीने स्वतःची बाटली उघडली. सकाळी घरून भरून आणलेली. त्यातही तोच, त्याच जागी, तसाच रोखून बघत असलेला.

तिने तिथूनच आईला फोन लावला. आईने तो घेतला तेव्हा शेजारच्या काकू कोथिंबीर मागायला दारात उभ्या होत्या. त्या कोथिंबीर विसरल्या, पण बातमी घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत पाण्याच्या बाटल्या विकत आणत होती.

भिंगरीचे बाबा म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. गेल्याच आठवड्यात ते स्वतः ब्रश घेऊन इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरले होते. माणसं लावली तर कोपरे सोडतात, असं त्यांचं म्हणणं. कंबर धरली होती, पट्टा लावून फिरत होते, पण चेहऱ्यावर गड जिंकल्याचं तेज होतं. ते आता उतरलं.

"साहेब, ब्रश तळाला टेकला होता ना?" तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात म्हणाले. "नाही, सहज विचारतो."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सभा ठरली, सेक्रेटरी बदलायचा की नाही यासाठी. बाबांनी पट्टा आवळला आणि पुन्हा टाकीत उतरले. टाकी पुन्हा भरल्यावर त्यांनी नव्या पाण्याची बाटली भिंगरीच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. नीट बघ. तू सांगशील तेच सभेत सांगेन."

शनिवारी भिंगरीने थेंब टाकला. सुईकिडा जागेवर होता.

पहिल्या वेळी तिला आनंद झाला होता, हे तिला आत्ता आठवलं. ती सरळ मॅडमपाशी गेली.

"मॅडम, माझे बाबा दोनदा टाकीत उतरलेत. तो जातच नाहीये."

मॅडमनी डोळा लावला.

"पहिल्या तासाला होतीस?"

"कँटीनमध्ये होते."

"बरं. काच काढून ठेव. आता बघ."

काच नाही, पाणी नाही. सुईकिडा मात्र होता.

"डोळा लावतेस ती नळी फिरव."

तिने फिरवली. सुईकिडा घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरला.

"केस आहे तो," मॅडम म्हणाल्या. "आतून चिकटवलेला. ही पेशी बघा, ती बघा, असं मुलांना दाखवायला टोक लागतं. पहिल्या तासाला सगळ्यात आधी हेच सांगते."

"कोणाचा केस?"

"माझाच. नोकरीला लागले तेव्हा लावला."

भिंगरीने मॅडमच्या डोक्याकडे बघितलं. "पण हा तर काळा आहे."

"तेव्हा होता."

"आणि पाणी, मॅडम?"

"पाणी तू अजून बघितलंच नाहीस. तू केस बघितलास."

मग भिंगरीने बाबांचं पाणी पुन्हा काचेवर घेतलं आणि मॅडमना शेजारी बसवून, घाई न करता, सगळा थेंब या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. हवेचा एक बुडबुडा होता. बाकी काही नाही. जाता जाता तिने फिल्टरवरची चिठ्ठी काढली. कँटीनवाल्या काकांना सांगायला गेली, तर ते म्हणाले, "आता तूच पहिला कप पी." ती प्यायली.

घरी बाबा गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन आडवे होते. आई सभेसाठी त्यांचा शर्ट इस्त्री करत होती.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

"मॅडमचा केस."

"आपल्या टाकीत?"

"मायक्रोस्कोपात."

सगळं सांगून झालं तेव्हा आईची इस्त्री हवेतच थांबली होती. "म्हणजे हे दोन्ही वेळा..."

"म्हणजे," बाबा छताकडे बघत सावकाश म्हणाले, "पहिल्या वेळीच टाकी स्वच्छ होती."

"हो, बाबा."

"मग सभेत आता मी काय सांगू?"

भिंगरी उभी राहिली. भाषणाला राहायची तशीच.

"तुम्ही काही सांगू नका, मी सांगणार. माझं ठरलंय. पुढे मी जीवशास्त्रच घेणार, पहिल्या तासापासून. आणि यापुढे टाकीत मी उतरणार." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "केस घट्ट बांधून."