खंडेनवमीचा मुराळी

मारुतीरावांनी मोटार सुरू केली तेव्हा घरात हत्यारांची पूजा अजून आटोपली नव्हती. पुढचं सगळं बिनसलं ते तिथंच.

शहापुरातल्या त्या गल्लीत मोटार उभी राहिली की सायकलसुद्धा पलीकडं जात नसे. मोटार काळी, बोजड, त्यांच्या वडिलांच्या, आप्पांच्या काळातली. घरात तिचं नावच काळी. गोठ्यातल्या म्हशीबद्दल बोलावं तसं सगळे तिच्याबद्दल बोलत. काळी आज नाराज आहे, काळी पाणी प्यायली नाही. तिचा सेल्फ कधीच मेलेला. पुढून लोखंडी हँडल घालून जोरात फिरवलं तरच ती जागी व्हायची.

ते हँडल फिरवायला तम्मण्णा आला होता. शेजारच्याच घरात तम्मण्णाचे माग होते. खंडेनवमीला माग बंद, सुताला हात लावायचा नाही, म्हणून तो मोकळा होता. त्यानं हँडल मारलं, काळी खोकली, हादरली आणि सुरू झाली. तेवढ्यात मारुतीरावांच्या बायको जयाबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तम्मण्णाच्या हातातलं हँडल काढून घेतलं, हे पण हत्यारच आहे, पूजेत नको का, असं विचारलं आणि आत नेऊन देवापुढं पान्यांच्या रांगेत ठेवलं. जॅक, पाने, हातोडी आधीच तिथं गेली होती. तम्मण्णानं मान डोलावली. रीतीभातीच्या बाबतीत तो जयाबाईंपेक्षा कडक होता.

मारुतीरावांचं कशाकडंच लक्ष नव्हतं. त्यांचा जीव निपाणीत अडकला होता.

निपाणीत त्यांची थोरली बहीण, सोनाबाई. तिचं लग्न झालं तेव्हा ती याच काळीतून सासरी गेली. वडिलांनी तेव्हा शब्द दिला होता की दर दसऱ्याला तुला न्यायला हीच मोटार येईल. वडील होते तोवर आलीही. ते गेले त्या वर्षी काळी गोठ्याशेजारी पडून होती आणि मारुतीरावांच्या मागं सुगीची घाई होती. त्यांनी कुणाकडून तरी निरोप धाडला, एसटीनं ये. सोनाबाईनं उलटा निरोप धाडला, काळी येईल तेव्हाच येईन.

दोघं एकाच आईची. कुणी मागं सरलं नाही. लग्नाकार्यात भेटायचे, भाताचा उतारा कसा आहे ते विचारायचे आणि आपापल्या रस्त्यानं जायचे. पण गेल्या लग्नसराईत सोनाबाई जयाबाईंना म्हणाली की आता गुडघे गेले, डोळे चालले, माहेरचा उंबरा बघायचा राहूनच जाणार. जयाबाईंनी ते घरी येऊन सांगितलं आणि त्या दिवसापासून मारुतीरावांची झोप उडाली. उन्हाळाभर त्यांनी काळीवर मिस्त्री बसवले. उद्या दसरा. उद्याचं सोनं बहिणीनं आपल्या दारात वाटायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

खडेबाजारातून वाट काढत, किल्ल्याला वळसा घालून ते जुन्या पुणे–बेंगळूर रस्त्याला लागले. नव्या हायवेवर काळीच्या मागं ट्रक भोंगे वाजवत बसायचे. म्हणून मारुतीरावांनी जुना रस्ता धरला होता. जिथं जिथं तो उरला आहे तिथं तिथं. गावातून जाणारा, वडाच्या सावलीचा, वळणावळणाचा.

काकती मागं पडली तशी मारुतीरावांची चुळबुळ सुरू झाली.

"तम्मण्णा, गाडी लई गप चाललीय रं."

"मग चांगलंच न्हवं."

"न्हाय. काळी गप चालती म्हंजे काय तरी राहिलंय. पायात काय तरी खडखडायचं बघ."

तम्मण्णानं पायाखाली पाहिलं. खडखडायचं ते हँडल. ते शहापुरात देवापुढं होतं, कपाळाला कुंकू लावून.

मारुतीरावांनी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन बंद करायची छाती झाली नाही. परत फिरावं म्हणाले. तम्मण्णानं दोन्ही कानांना हात लावला. माहेरवाशिणीला आणायला निघालेला मुराळी अर्ध्या वाटेतून परत फिरला असं कधी ऐकलंय का? आणि फिरून उपयोग काय? आज पूजेत बसलेलं हत्यार वैनी उद्या शमी पुजल्याशिवाय उचलू देणार नाहीत. मारुतीराव आपल्या बायकोला ओळखून होते. त्यांनी गियर टाकला.

"म्हंजे आता निपाणीपतोर हिला बंद पडू द्यायची न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय पडत. तुमी फकस्त थांबू नका."

पण खंडेनवमीच्या दिवशी जुन्या रस्त्यावरून जुनी मोटार न थांबता जाऊ शकत नाही. प्रत्येक गावात एक गॅरेज, एक पंक्चरवाला, एक वेल्डिंगचं दुकान. सगळ्यांनी दुकानं धुऊन काढलेली, दारात केळीचे खुंट, आणि सगळे नव्या कपड्यांत रिकामे बसलेले. समोरून काळी आली की म्हातारी माणसं उठून उभी राहायची. अरे, ही तर शहापूरच्या आप्पांची. हिला बिनपूजेची जाऊ द्यायची?

हत्तरगीला एक पंक्चरवाला हार घेऊन रस्त्याच्या मधोमधच उभा राहिला. इंजिन बंद करा म्हणाला, चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत. मारुतीरावांनी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. त्यांनी खिडकीतून मान काढून सांगितलं की बाबा रे, बैलाची पूजा करताना त्याचा श्वास बंद करतोस का? पंक्चरवाल्याला ते पटलं. त्यानं झेंडूचा लांब हार पुढच्या जाळीवर आडवा बांधला. पुढच्या गावात वेल्डिंगवाल्यानं त्यावर दुसरा बांधला आणि दोन्ही बाजूंना केळीचे खुंट लावले. त्याच्या पुढच्या गावात कोहळा फोडला आणि तिसरा हार. पूजा नाकारायची म्हणजे गाडीला अपशकुन, असं तम्मण्णा दर वेळी बजावत होता आणि प्रसादाचे चिरमुरे खिशात भरत होता. मारुतीराव घटकेत आकाशाकडं बघत, घटकेत रस्त्याकडं. आक्का सकाळपासून उंबऱ्यात बसली असेल, हेच त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

संकेश्वरात शिरता शिरता झेंडूच्या फुलांतून वाफ निघायला लागली. आधी मारुतीरावांना कुणी धूप लावला असं वाटलं. मग काळीनं एक मोठा उसासा टाकला आणि ती बरोबर नागेंद्र मिस्त्रीच्या गॅरेजपुढं बंद पडली.

वर्षातल्या कुठल्याही दिवशी बंद पडायला याच्यापेक्षा चांगली जागा नव्हती. आजचा दिवस तेवढा सोडून. नागेंद्र पांढऱ्या शर्टात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यामागं लाल कापडावर पाने मांडले होते, एकेकावर एकेक फूल. त्यानं दोघांना पेढे दिले, पाणी दिलं, आणि जागेवरूनच गाडीकडं बघून रोग सांगितला.

"रेडिएटरला वारा कुठनं लागंल? देवाला हार घालून घालून तुमी त्याला गुदमरून मारलाय."

मारुतीराव म्हणाले, बघतोस काय, उठ आणि दुरुस्त कर. नागेंद्रनं हात जोडले. आज पाना उचलला तर वर्षभर माझ्या हातात पाना टिकायचा नाही. उद्या शमी पुजली की पहिला हात तुमच्या गाडीला. मारुतीरावांनी त्याला बहिणीची गोष्ट सांगितली, एसटीच्या निरोपासकट. नागेंद्रलाही बहीण होती. तो उठला, गाडीभोवती एक चक्कर मारली, हात मात्र पाठीमागं बांधूनच.

"पाना न्हाय उचलणार. पर पाणी घालाय पाना लागत न्हाय," तो म्हणाला. "ढकलायलाबी लागत न्हाय. फकस्त ह्यो फॅनचा पट्टा जुना झालाय. त्याला पाना लागंल. त्यो उद्या."

राहिला प्रश्न हारांचा. आज घातलेला हार आज काढायचा नाही, यावर तम्मण्णा अडून बसला. मारुतीराव म्हणाले, हार राहतील नाहीतर गाडी राहील. बराच वेळ वाद झाल्यावर असं ठरलं की हार काढायचे नाहीत, सरकवायचे. सगळे हार जाळीवरून टपावर सरकले. आता काळी समोरून मोटारीसारखी आणि वरून समाधीसारखी दिसू लागली. पूजेला जमलेल्या सगळ्यांनी मिळून धक्का दिला आणि ती सुरू झाली.

कणगला गेलं. तवंदीचा घाट आला. उतार सुरू व्हायच्या अलीकडं आतून चाबूक फुटल्यासारखा आवाज आला. पट्टा तुटला होता.

मारुतीराव खाली उतरले, तुटलेला पट्टा हातात घेऊन रस्त्यात येरझाऱ्या घालू लागले. तम्मण्णाच्या खांद्यावर सुती उपरणं होतं. त्यांची नजर त्यावर गेली.

"तम्मण्णा, तू विणकर हाईस. ह्ये पिळून पट्ट्याच्या जागी बांध. तुझी गाठ सुटत न्हाय म्हंत्यात."

"माझी गाठ सुटत न्हाय, व्हय," तम्मण्णा म्हणाला. "पर आज सुताला गाठ मारायची न्हाय, अण्णा."

मारुतीरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तम्मण्णा दोन पावलं मागं सरला. मग दोघांनीही एकदमच समोर पाहिलं. खाली निपाणी दिसत होती. रस्ता तिथपर्यंत उतरत गेला होता.

"उतार हत्यारात येतो का रं?" मारुतीरावांनी विचारलं.

तम्मण्णानं बराच विचार केला. "उतार देवाचा," तो म्हणाला आणि आत येऊन बसला.

इंजिन बंद ठेवून काळी घाट उतरली. सुरुवातीला बैलगाडीसारखी, मग टांग्यासारखी, आणि मग मारुतीरावांनी हँडब्रेकला दोन्ही हातांनी धरलं. तम्मण्णा सगळ्या देवांना नावानिशी हाका मारत रबरी भोंगा दाबत राहिला. मागून केळीचा एक खुंट उडून गेला. सपाटीवर येऊन वेग ओसरला तरी भोंगा थांबला नव्हता. पुढं गावातल्या लोकांनी ढकलत ढकलत गाडी सोनाबाईच्या दाराशी आणली.

सोनाबाईनं भोंगा लांबूनच ओळखला होता. नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ती सकाळपासून बसली होती. सुनेनं, मंजुश्रीनं, तिची ओटी भरली. सोनाबाई उंबरा ओलांडून बाहेर आली, टपावरच्या हारांवरून एकदा हात फिरवला, मागच्या सीटवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल."

मारुतीराव गाडीत बसले नाहीत. ते पुढं गेले, बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तम्मण्णा आभाळाकडं बघू लागला. शेवटी पट्टा तुटल्याचं सांगावंच लागलं.

आक्काला परत घरात चल म्हणावं तर तीही सोय नव्हती. ओटी भरून माहेराला निघालेली बाई उंबऱ्याच्या आत परत येत नाही. मंजुश्रीनं चहा गाडीत आणून दिला. मग जेवणाचं ताटही गाडीत आलं. शेजारपाजारच्या बाया खिडकीतून आत डोकावून बोलून गेल्या. मारुतीराव तेवढ्या वेळात निपाणीतली सगळी गॅरेजं हिंडून आले. सगळीकडं पेढे मिळाले, पाना कुठं मिळाला नाही. परत आले ते घामाघूम, आणि इतक्या वर्षांचं साचलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"आक्का, तुझ्या ह्या गाडीच्या हट्टापायी सगळं झालं. तवाच एसटीनं आली असतीस तर काय बिघडलं असतं?"

सोनाबाईनं हात धुतला. ताट मंजुश्रीच्या हातात दिलं.

"गाडीचं काय करायचंय मला," ती म्हणाली. "गाडी आपली आपण येत न्हाय. तिला कुणी तरी चालवत आणावं लागतंय. म्हणून म्हटलं हुतं, गाडीनंच येईन."

 मारुतीराव बॉनेटला टेकून उभे राहिले. टपावरचा एक हार घसरून त्यांच्या खांद्यावर पडला, तो त्यांनी काढलाही नाही.

सोनाबाईच खाली उतरली. पिशवी त्यांच्या हातात दिली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली. तम्मण्णाही निघाला, पण पुजलेली गाडी एकटी सोडायची नाही, ही रीत त्याची त्यालाच आठवली. संध्याकाळी पुरणपोळी करणार आहे, असं मंजुश्रीनं सांगितलं तेव्हा तर ती त्याला फारच पटली.

बेळगावची एसटी लागली होती, कर्नाटक सरकारची. तिलाही हार होता, केळीचे खुंट होते आणि ती बिनतक्रार चालत होती. कंडक्टर आला. सोनाबाईनं आधार कार्ड दाखवलं आणि तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. मारुतीरावांना पूर्ण काढावं लागलं. सोनाबाईनं आपलं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"बायकांस्नी एसटी फुकट झाली, तवा बरा आलास न्यायला," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत गालात हसली.

दिवेलागणीला शहापुरात जयाबाईंनी तिच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. माहेरचा उंबरा सोनाबाईनं हातानं चाचपून ओलांडला. दुसऱ्या दिवशी शमी पुजून झाली, पूजा उचलली गेली, तसे मारुतीराव हँडलकडं वळले. निपाणीला जाऊन काळीला आणायची होती.

"ऱ्हाऊ दे ते," सोनाबाई मागून म्हणाली. "गाडी माझ्या दारात, हँडल तुझ्या देवापुढं. आता बघू, पुढल्या दसऱ्याला कसा येत न्हाईस."

मारुतीरावांनी हँडल होतं तिथं परत ठेवलं, आणि कितीतरी महिन्यांनी स्वस्थपणे मांडी घालून बसले. सोनाबाईनं त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. तेवढ्यात जयाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"आणि तम्मण्णा?" त्यांनी विचारलं.