ताणात शून्य

कर्वेनगरच्या त्या शाळेत गणिताच्या जोडीला मुलांच्या मनःस्वास्थ्याचं खातं श्यामसुंदर सरांच्या गळ्यात पडलं, कारण निवृत्ती जवळ आल्यामुळे त्यांचे तास सगळ्यांत कमी होते. सरांनी मात्र ते मनावर घेतलं. नववीतला अर्णव महिनाभर गप्प होता. डबाही तसाच परत न्यायचा. आईला धसका नको म्हणून सरांनी डायरीत जपून लिहिलं, 'अर्णवची दर गुरुवारी पाच वाजता विशेष सत्रासाठी निवड झाली आहे.'

तिथेच घोटाळा झाला. आईने ती ओळ पालकांच्या ग्रुपवर टाकली. रात्रीत त्रेसष्ट अभिनंदनं आली आणि सकाळी फाटकाशी सतरा पालक उभे!

"सर, निवडीचे निकष काय?" ओवीच्या आईने विचारलं.

"अहो, निकष कसले? ज्याला त्रास आहे त्याला बोलावलंय."

"मग आमची ओवी काय कमी त्रासात आहे? पहाटे पोहणं, दुपारी अबॅकस, संध्याकाळी कथक! रोज रडते हो!" हे सांगताना बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला होता.

मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंना फाटकाशी गर्दी खपत नसे. "तोंडी परीक्षा घ्या. जागा दहा. अर्णवचीसुद्धा घ्या, वशिला नको," त्यांनी फर्मावलं.

परीक्षा म्हटल्यावर कोथरूडात क्लास निघायला कितीसा वेळ! रविवारी बोर्ड लागला, सोमवारी बॅच भरली. लेकाची जागा जाऊ नये म्हणून अर्णवच्या आईने त्यालाही तिथे घातलं.

गुरुवारी अर्णव सरांसमोर आला.

"काय होतंय रे तुला?"

अर्णव ताठ उभा राहिला. "मला ताण आहे. ताणाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे. एक, बदलती जीवनशैली. दोन, कुटुंबाचे विघटन..."

"थांब, थांब! घरी काही बिनसलंय का?"

"नाही सर. पण पाच मुद्दे नसले तर मार्क कापतात."

"आणि खरं काय ते?"

"ते सिलॅबसला नाहीये." तो थोडा वेळ बाकावर नख ओढत राहिला. "दोन क्लास वाढले ना सर, मग फक्त गुरुवारची संध्याकाळ उरली होती. मी आणि राजस सायकलवर जायचो. तीपण तुम्ही घेतलीत." मग हळूच म्हणाला, "सर, मला नापास करा ना. प्लीज."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत असली विनंती सरांनी पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी लाल पेन काढलं, आणि एकदा हात सैल सुटल्यावर बाहेरच्या रांगेलाही तोच भाव लावला.

दुसऱ्या दिवशी अर्णवची आई हजर. "नापास? माझा मुलगा? कशात?"

"ताणात. शून्य."

"शून्य?"

"खणखणीत. सुखी आहे मुलगा तुमचा."

बाईंचा चेहरा पडला. मग पर्स सावरत त्यांनी विचारलं, "फेरतपासणीचा अर्ज कुठे मिळतो?"

सरांनी क्षणभर विचार केला. "इथेच. पण मुलाला आणायचं नाही. पालकांनी स्वतः बसायचं. दर गुरुवारी, पाच ते सात."

"किती गुरुवार?"

"ते पालकाच्या प्रगतीवर आहे."

पुढच्या गुरुवारी सरांच्या खोलीत बसायला जागा नव्हती. पहिल्या बाकावरून दोन वडिलांची जुंपली होती. खाली फाटकातून दोन सायकली घंटी वाजवत सुटल्या, तेव्हा अर्णवची आई ओवीच्या आईच्या वहीत डोकावून कुजबुजत होती, "अहो, चौथा मुद्दा काय लिहिलात?"